म्हावऱ्याचा बरफ

दिवाळे गावच्या जेटीवरून
अर्धी लादी आणली, गोणपाटात गुंडाळून.
रिक्षावाला म्हणाला, बाई, सीट भिजली तर?
मी दहा रुपये जास्त दिले.

बालवाडीत घमेल्यात ठेवली ती.
ऑक्टोबरचा उकाडा, पंखा दोनवर अडकलेला,
आणि मधोमध ही, गार वाफा सोडत.
"बघा मुलांनो," मी म्हणाले, "हा ध्रुव."

युगांतने वाकून वास घेतला.
"यो ध्रुव नाय, बाय.
यो म्हावऱ्याचा बरफ."

खरंच होतं.
एका कडेला घोळीचा खवला चिकटलेला,
नखाएवढा, चांदीचा.
रात्री पाठ केलेला माझा धडा
तिथंच पाझरायला लागला.

"बरं, आपल्याकडे मासे बर्फावर असतात ना?
तिथं बर्फाखाली असतात. जिवंत. पोहणारे."
एकवीस डोकी लादीखाली डोकावली.
घमेल्याचा गंज दिसला.

अस्वल वरच्या टोकाला, पेंग्विन खालच्या,
दोघांची जन्मात गाठ नाही.
"एक ऐरोलीला नि एक उरणला?"
"त्याहून लांब."
"पनवेल?"
मी पृथ्वीचा गोल शोधला.
त्याचा तळ तुटलेला होता, नेमका पेंग्विनचा भाग.

अस्वलाचे केस पांढरे, पण कातडी काळी,
ऊन धरून ठेवणारी.
निर्झराने आपला दंड उलटसुलट बघितला
आणि अस्वलाशी तिचं जमलं.

मग सील.
एका पिशवीत डालडा, त्यात दुसरी पिशवी, तिच्यात हात,
आणि हात बर्फाच्या पाण्यात.
"गार नाय लागत!" "मला बघू!" "माझा नंबर!"
दारात उभ्या कुंदाताई हळहळल्या:
एवढ्यात करंज्या झाल्या असत्या दिवाळीच्या.

शेवटी पेंग्विन.
अंड्यांऐवजी खिचडीच्या पोत्यातले कांदे,
प्रत्येकाच्या पावलांवर एकेक.
आई समुद्रावर जाते,
बाबा अंडं पायांवर घेऊन उभा,
दोन महिने, काळोखात, न जेवता.
"न जेवता?" सगळे एकदम.
वारा आला की सगळे बाबा दाटीनं उभे राहतात,
आतला बाहेर येतो, बाहेरचा आत जातो,
कोणी रांग लावायला सांगत नाही.
मी पुठ्ठा हलवून वारा झाले.
मुलं घामाघूम, चिकटून, खिदळत,
कांदे गडगडत कपाटाखाली.

युगांत मात्र कडेलाच.
त्याचा कांदा पडला नव्हता.
"उलटं हाय, बाय. आमचेकडं पप्पा जातो दर्यावर."
"तिथं आई जाते."
"मंग ती परत येते?"
"येते."
"एवढ्या गर्दीत तिला कसा कलतो आपला कोनचा?"
"हाक मारतो तो. आवाजावरून ओळखते."
त्याने मान हलवली, हलकेच,
पावलं न हलवता.

त्यांची होडी जाऊन अकरा दिवस झाले होते.
हे मला कुंदाताईंनी सांगितलं,
पण नंतर, घमेलं उचलताना.

साडेबाराला लादीची वडी झाली होती, मग तीही नाही.
कोमट पाण्यात खवला तेवढा तरंगत होता.
आया आल्या. दप्तरं, बाटल्या, चपलांची अदलाबदल.
युगांत चप्पल घालेना.
सुकत घातलेल्या जवळ्याच्या कडेकडेनं,
तापल्या फरशीवरून
टाचा जुळवून, तसूतसूनं,
कांदा पावलांवर तोलत निघाला.
त्याची आई चार पावलं पुढं गेली,
मागं वळली,
आणि रागावली नाही.
हातात त्याच्या चपला घेऊन
त्याच्या चालीनं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी खिचडीत
एक कांदा कमी होता.
कुंदाताईंनी वहीत तो "वाया" असा मांडला.
मी पेन घेऊन तो शब्द खोडला,
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना,
म्हणून रकाना मोकळाच ठेवला.